मोडका सात

भुसावळला मे महिन्यात
रात्री अकरालाही भिंती हाताला पोळतात.
कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतून मी मोबाइल उघडतो.
लिलाव संपायला चार मिनिटं बारा सेकंद.

माल : पुठ्ठ्याचं एक तिकीट.
पाचोरा ते जामनेर, नॅरोगेज, दुसरा वर्ग,
सात जुलै सत्त्याहत्तर.
"अतिदुर्मिळ. आजोबांच्या पेटीतून. परत घेतलं जाणार नाही."
विकणाऱ्याचे आजोबा फार फिरले असावेत.
गेल्या महिन्यात त्याच पेटीतून
निजामाची नाणी निघाली,
आणि एक जहाजाचा कंपास.

मी बोली लावतो.
लगेच वर अकरा रुपये.
मी पुन्हा. पुन्हा अकरा.
समोरच्याचं नाव झाकलेलं :
पहिलं अक्षर, तीन तारे, शेवटचं अक्षर.
मी त्याला तीनतारे म्हणतो.
आपल्याकडे खपून जाईल असं आडनाव आहे.

वरणगावच्या बैलबाजारात बाप मला न्यायचा.
रुमालाखाली दोन हात शिरायचे,
बोटांत भाव ठरायचा,
तोंडं मात्र पोराबाळांची चौकशी करत असायची.
लबाडी तिथंही होतीच. दलालाचा माणूस
गिऱ्हाईक होऊन यायचा,
बैलाचे दात बघून खोटं खोटं हळहळायचा.
पण बापाला बोट कळायचं.
"खऱ्या गिऱ्हाइकाचा हात घामेजतो," म्हणायचा,
"याचा कोरडा आहे. याले कायले भ्यायचं?"

या काचेवर घाम फक्त माझाच.

म्हणून वही केली. रेल्वेचीच जुनी,
लाल कापडी पाठीची.
एकतीस लिलाव, विकणारा एक.
तीनतारे सगळीकडे, नेहमी अकराने वर.
जिंकला दोनदा, चुकून,
आणि दोन्ही वस्तू पंधरवड्यात पुन्हा विक्रीला.
खाली सही केली, तारीख टाकली,
ड्यूटी उतरताना टाकायचो तशी.

त्या रात्री तेवीसशे दहावर तो आला
आणि मी हात काढून घेतला.
रुमालाखाली तो एकटाच उरला,
स्वतःचीच बोटं दाबत.

सकाळी निरोप :
"सर, जिंकणाऱ्याच्या आईची तब्येत बिघडली.
तुमच्या शेवटच्या बोलीत तुम्हाला देतो.
आजच्या आज पैसे टाका."
माझ्या वहीप्रमाणे
ही आई तिसऱ्यांदा आजारी होती.

मी पैसे टाकले नाहीत. चूक दाखवली.
तिथंच चुकलो.

लिहिलं : भाऊ, पाचोऱ्याच्या त्या खिडकीत
सुपडू झोपे बसायचा, नऊ वर्षं.
त्याच्या रजेत मी जायचो.
तारीख मारायच्या यंत्रात
दिवसाच्या खान्यातला सात मोडका होता,
वरची आडवी रेघ उडालेली, सातचा एक दिसायचा.
सुपडूने तीन अर्ज केले, नवा टाइप आला नाही.
तपासनीस हटकायचा तर म्हणायचा,
"सातच आहे भो तो, टोपी काढून बसेल आहे.
गरम किती होऊ राह्यलं!"
तुमच्या तिकिटावरचा सात टोपी घालून आहे.

उत्तर आलं नाही.

जून सरता सरता तिकीटच परत आलं.
"अतिदुर्मिळ. छपाईतील दोषासह."
सुरुवातच दुपटीने.
मी फोटो दोन बोटांनी ताणला.
सातची टोपी गेलेली.
कुणीतरी बारीक ब्लेडने, श्वास रोखून,
नेमकी हवी तेवढीच खरवडलेली.

सुपडू जाऊन सहा वर्षं झाली.
त्याच्या पोराला विचारलं होतं एकदा,
त्याला यंत्रसुद्धा आठवत नाही.
आता जगात त्या साताची माहिती असलेले
आम्ही दोघंच :
मी, आणि हा चोर.

चार मिनिटं बारा सेकंद.
तीनतारे आलेला आहे, अकरा रुपयांनी वर.
मी बोट काचेपाशी नेलं,
मग मागे घेतलं,
आणि अंगठ्याने चाचपून पाहिलं
कोरडं आहे का.